आरोग्य-गाडीची वीज : एका रात्रीचा हिशेब

(हंगामाच्या सणानिमित्त मंडळीत झालेल्या सभेत आरोग्य-गाडीचं वीजकाम पाहणाऱ्या आपल्या एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला भाषणाची सवय नाही. एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या वायरिंगमध्ये डोकं घालून काढली. तिथे बोलायचं काम कंडक्टर करतात, आम्ही नाही. पण पाळक साहेब म्हणाले, "गाडीसाठी मंडळीने दोन वर्षं अर्पण दिलं, आता त्या पैशांचं काय झालं हे तुम्हीच सांगा." म्हणून उभा आहे. चांगलं झालं तेही सांगतो आणि माझ्या हातून जे चुकलं तेही सांगतो. चुकलेलं जरा जास्त सांगणार आहे, कारण त्यातून शिकायला जास्त मिळालं.

आपली गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. मागच्या सीट काढून तिथे एक तपासणीचा पलंग, औषधांची कपाटं, छोटा फ्रिज आणि रात्री झोपायला दोन फळ्या केल्या आहेत. डॉक्टरबाई, दोन सिस्टर आणि ड्रायव्हर असे चौघे सोमवारी निघतात आणि शनिवारी परततात. नंदुरबार जिल्ह्यात मोलगी, धडगावच्या पुढे सातपुड्याच्या घड्यांमध्ये जे पाडे आहेत तिथे जातात. पावरा आणि भिल्ल वस्ती. एक पाडा म्हणजे एका जागी गाव असं नाही, एक घर या टेकडीवर तर दुसरं समोरच्या टेकडीवर. वीज काही ठिकाणी आहे, पण पावसात एखादा खांब पडला की कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून गाडीला वीज स्वतःची लागते.

परदेशात हौशी लोक अशाच गाड्या करून फिरतात, त्याला कॅम्पर व्हॅन म्हणतात. टपावर सोलर पॅनल, सीटखाली बॅटरी, आत फ्रिज, पंखा, दिवे. आमचीही तशीच, फक्त हौस सोडून. त्यांचा फ्रिज बंद पडला तर दूध नासतं. आमच्या फ्रिजमध्ये ऑक्सिटोसिन असतं, इन्सुलिन असतं, धनुर्वाताची लस असते. ही औषधं २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. ऑक्सिटोसिन म्हणजे बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून देतात ते इंजेक्शन. इथे बसलेल्या नर्स भगिनींना त्याचं मोल माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सुरुवातीला मी घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशा शिशाच्या दोन मोठ्या ट्यूब्युलर बॅटऱ्या बसवल्या. त्या माझ्या ओळखीच्या. आयुष्यभर शिसं आणि ॲसिड हाताळलं, पँटीला भोकं पाडून घेतली. पण घाटात त्या बॅटऱ्यांनी त्रास दिला. दोन्ही मिळून शंभर किलोच्या वर वजन. वळणावर ॲसिड हिंदकळायचं. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, आणि त्याच गाडीत रात्री माणसं झोपतात. शिवाय शिशाच्या बॅटरीचा एक नियम आहे. तिच्यावर १५० अँपिअर-अवर लिहिलेलं असलं तरी रोज अर्ध्याच्या खाली न्यायची नसते, नाहीतर ती लवकर मरते. आणि रोज काठोकाठ भरावी लागते. गाडीत ती कधीच काठोकाठ भरत नाही, कारण दुपारी चारनंतर डोंगराची सावली येते. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेट जमतं. आमच्या दोन्ही बॅटऱ्यांनी दोन पावसाळेसुद्धा नीट काढले नाहीत.

मग लिथियम घ्यायचं ठरलं आणि तुमच्यासमोर अर्पणाची विनंती आली. तेव्हा काहींनी विचारलं होतं, आणि रास्त विचारलं होतं, की मोबाइलच्या आणि स्कूटरच्या लिथियम बॅटऱ्या पेट घेतात असं पेपरात येतं, मग रुग्णांच्या गाडीत ती कशाला? उत्तर असं की लिथियम हे एका घराण्याचं नाव आहे, त्यात भाऊ वेगवेगळ्या स्वभावाचे. आपण घेतली ती लिथियम आयर्न फॉस्फेटची, बाजारात एलएफपी म्हणतात. तिच्यात ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो. बॅटरी तापली तरी तो सहजासहजी सुटत नाही, म्हणून ती दुसऱ्या प्रकारांसारखी चटकन भडकत नाही. अजिबात जळणार नाही असं मात्र कुणी सांगितलं तर त्याच्याकडून बॅटरी घेऊ नका.

या रसायनाची गोष्ट मला आवडली म्हणून सांगतो. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगशाळेतून १९९७ साली या फॉस्फेटवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर गुडइनफ यांच्याबरोबर आणखी दोन नावं आहेत, पाढी आणि नंजुंडस्वामी. आपल्याकडची नावं वाचून मला बरं वाटलं. गुडइनफ यांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. तोवर इतक्या वयात कुणालाच नोबेल मिळालं नव्हतं. ते श्रद्धावंत ख्रिस्ती होते आणि आपल्या आत्मचरित्राला त्यांनी कृपेचा साक्षीदार अशा अर्थाचं नाव दिलं. निवृत्त होऊन घरी बसलेल्या माझ्यासारख्याने त्यांचं वय लक्षात ठेवावं, एवढंच.

तर आपली बॅटरी १२.८ व्होल्टची, २०० अँपिअर-अवरची. आत ३.२ व्होल्टचे चार सेल एका रांगेत. व्होल्ट आणि अँपिअर-अवरचा गुणाकार केला की २,५६० वॉट-अवर होतात. त्यातले ८० टक्के, म्हणजे दोन हजारांच्या आसपास, बिनघोर वापरता येतात. वजन साधारण २५ किलो. पूर्वी दोन बॅटऱ्या उचलायला चार माणसं लागायची, आता ही मी आणि ड्रायव्हर मिळून ठेवतो. दोन हजार वॉट-अवर म्हणजे काय, हे आमच्या घरच्यांनीही विचारलं. ५ वॉटचा एक दिवा रोज दहा तास लावला तर चाळीस दिवस चालेल इतकी वीज. ऐकायला खूप वाटते. पण गाडीत एकटा दिवा नसतो.

टपावर २०० वॉटचे दोन पॅनल आहेत. पहिल्या उन्हाळ्यात ते ४०० वॉट कधीच देईनात. मला वाटलं माल खराब आला. माल चांगला होता. पॅनलवर जो आकडा लिहितात तो २५ अंश तापमानाचा असतो. मे महिन्यात टपावर पॅनल ६५ अंशांच्या पुढे तापतं आणि प्रत्येक अंशामागे साधारण ०.४ टक्के वीज घटते. चाळीस अंशांचा फरक म्हणजे १६ टक्के गेले. मी ते पत्र्याला चिकटवून बसवले होते, खालून वारा लागत नव्हता. नंतर खाली लोखंडी पट्ट्या देऊन वीतभर उंच केले. वारा खेळू लागला आणि गाडीच्या टपालाही सावली मिळाली, आत बसणाऱ्यांना थोडं बरं.

ऊन आणि सावलीचं भांडण मात्र मिटेना. ड्रायव्हर मोठ्या मनाचा मुलगा. पाड्यावर पोचला की रुग्णांना सावली मिळावी म्हणून गाडी थेट आंब्याखाली लावायचा. गाडी थंड, लोक खूष, आणि पॅनल मेलेलं. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. एखाद्या फांदीची सावली दोन-चार सेलवर पडली तरी अख्ख्या पॅनलची वीज घसरते. मी त्याला रागावलो, "अरे, गाडी उन्हात लाव." त्याने लावली. मग फ्रिज दुप्पट चालू लागला आणि सिस्टर माझ्यावर रागावल्या.

धडगावच्या बाजूला उन्हाळ्यात घरोघरी आमचूर करतात. कैरीच्या फोडी अंगणात वाळत घातलेल्या असतात. एका पाड्यावर एक पावरा आजी आमची ही ओढाताण दोन फेऱ्या बघत होती. तिसऱ्या वेळी तिने ड्रायव्हरला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि हाताने दाखवलं. तो हसायला लागला. आजीचं म्हणणं, आम्ही घर सावलीत बांधतो आणि कैरी उन्हात टाकतो, तुम्ही कैरी घराच्या डोक्यावर कशाला ठेवली? आम्ही शिकलेली माणसं, पण हे सुचलं नव्हतं. आता १०० वॉटचं एक सुटं पॅनल आहे, त्याला दहा मीटरची केबल. गाडी आंब्याखाली आणि पॅनल अंगणात, आमचुराच्या शेजारी. सावली कुठून किती वाजता येते हे त्या अंगणातल्या बायकांना मिनिटावर माहीत असतं. त्या स्वतःच पॅनल सरकवतात. शेळ्या त्यावर चढू नयेत म्हणून मुलं राखण करतात. त्यांना ते काम फार महत्त्वाचं वाटतं, आणि आहेच.

आता त्या रात्रीकडे येतो.

ऑगस्ट होता. लिथियम बसवून चार महिने झाले होते आणि मी स्वतःवर खूष होतो. पैसे वाचवले होते म्हणून जास्तच खूष. दोन वस्तू मी घेतल्या नव्हत्या. एक, बॅटरीत किती वीज गेली आणि किती निघाली हे मोजणारा मीटर, त्याला शंट मीटर म्हणतात. त्याऐवजी मी साधा व्होल्टमीटर टांगला. दुसरी, इंजिन चालू असताना गाडीच्या अल्टरनेटरवरून ही बॅटरी भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर. तो पुढच्या वर्षी घेऊ म्हटलं. अल्टरनेटरची वायर सरळ लिथियमला जोडायची नसते, हे मला माहीत होतं. लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मधे चार्जर लागतोच. तो नव्हता म्हणून मी ती जोडणीच केली नाही. दोन्ही मिळून काही हजार रुपये वाचले आणि मी कमिटीत तसं अभिमानाने सांगितलं.

गाडी मोलगीच्या पुढे गेली होती. दोन दिवस पाऊस आणि धुकं, पॅनलवर जवळजवळ काही नाही. परतीच्या रस्त्यावर दरड आली आणि गाडी अडकली. संध्याकाळी सिस्टरनी मीटर पाहिला. १३.० व्होल्ट. मीच त्यांना शिकवलं होतं की बारा साडेबाराच्या वर असेल तर काळजी नाही. शिशाच्या बॅटरीला ते खरं आहे. ती पूर्ण भरून शांत बसली की १२.७ दाखवते, म्हणजे १३.० हे भरल्यापेक्षा जास्त. पण लिथियमचं गणित वेगळं. ती भरलेली असो की अर्धी, १३.२, १३.१ अशीच रेंगाळते. तिचा १३.० म्हणजे ७० टक्के संपली. एकतीस वर्षांचा अनुभव मी त्या मीटरसोबत टांगला होता आणि तो अनुभव दुसऱ्या बॅटरीचा होता.

त्या संध्याकाळी न्यूमोनियाचं एक मूल आलं. त्याला दीड तास ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावला. ते मशीन साडेतीनशे वॉट घेतं, इन्व्हर्टरचं नुकसान धरून चारशे. दीड तासात ६०० वॉट-अवर गेले. त्यात कुणाची चूक नाही, मशीन त्यासाठीच आहे. मूल जरा सावरलं. मग रात्री अकराच्या सुमाराला बांबूच्या झोळीतून एका बाईला आणलं. पहिलटकरीण. दरडीमुळे पुढे नेणं शक्य नव्हतं. गाडीतच बाळंत झाली. बाळ रडलं. आणि त्यानंतर तिला रक्तस्राव सुरू झाला.

रात्रीचे बारा वाजत आले होते. सिस्टर सांगतात, डॉक्टरबाई पोट चोळत होत्या, त्यांनी फ्रिजमधून दुसरं इंजेक्शन काढायला सांगितलं आणि सगळं एकदम बंद झालं. दिवे, पंखा, फ्रिज, सगळं. शिशाची बॅटरी संपताना सांगते. दिवा पिवळा पडतो, पंखा हळू होतो, आपल्याला दहा-वीस मिनिटं मिळतात. लिथियम तसं सांगत नाही. तिच्या पोटात बीएमएस म्हणून एक सर्किट असतं. सेल एका मर्यादेखाली गेले की ते बॅटरी वाचवण्यासाठी दार लावून घेतं. त्याला बाहेर बाळंतीण आहे की दूध आहे हे कळत नाही. त्याचं काम बॅटरी वाचवण्याचं, आणि ते त्याने चोख केलं.

ड्रायव्हरने गाडीच्या स्वतःच्या बॅटरीवरचा केबिनचा दिवा लावला. तो किती मिणमिणता असतो ते तुम्हाला माहीत आहे. एका सिस्टरने दातात मोबाइल धरला. फ्रिज नुकताच बंद झाला होता, कुपी थंडच होती. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. बाळंतिणीची सासू त्या अंधारात एका हाताने मोबाइल धरून उभी राहिली, पहाटेपर्यंत. रक्तस्राव थांबला. दुसऱ्या दिवशी दुपारी दरड बाजूला झाल्यावर तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, परमेश्वराची स्तुती असो. पण फ्रिज रात्रभर बंद होता. उरलेल्या कुप्या, इन्सुलिन आणि लस सिस्टरनी वहीत लिहून बाजूला काढल्या. त्यातलं काहीही वापरलं नाही.

मला हे तिसऱ्या दिवशी कळलं, गाडी रेंजमध्ये आल्यावर. सिस्टर रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुमचा मीटर खोटं बोलतो."

मीटर खोटं बोलत नव्हता. मी त्याला जे विचारायला लावलं होतं ते चुकीचं होतं. दहा कुमारींचा दाखला मी लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केला आहे. पाचजणींकडे दिवे नव्हते असं नाही, दिवे होते. माझ्याही गाडीत दिवे होते, चांगले महागाचे. त्या फोननंतर मी दोन रविवार उपासनेला आलो नाही. काहींनी घरी येऊन विचारलं तेव्हा तब्येत बरी नाही म्हणालो. ते खरं नव्हतं, आज सांगून टाकतो.

मग मी गाडी इथे आणली आणि बॅटरी आधी उठवली. बीएमएसने दार लावलं की काही सोलर चार्जरना समोर बॅटरी आहे हेच कळत नाही, मग ऊन आलं तरी ते भरायला लागत नाहीत. आमच्या चार्जरचं तसंच झालं होतं. वेगळा चार्जर लावल्यावर ती जागी झाली. बॅटरीला काही झालेलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही चौघे आणि मी असे पाचजण वही घेऊन बसलो. हे काम मी एकट्याने करायला नको होतं, हे मला उशिरा समजलं. फ्रिज किती खातो ते मी सांगू शकतो, पण पंखा रात्री किती तास लागतो ते तिथे झोपणाऱ्यालाच माहीत. हिशेब असा निघाला. फ्रिज चालू असताना ५० वॉट घेतो, पण तो चालू-बंद होतो, दिवसाचे ५०० वॉट-अवर धरले. दोन पंखे रात्रभर, ३२०. दिवे १००. मोबाइल आणि लॅपटॉप १००. वाफाऱ्याचं मशीन तासभर, १२०. सिकलसेलच्या आणि इतर तपासण्यांसाठी रक्ताच्या नळ्या फिरवायचं सेंट्रिफ्यूज, १५०. बेरीज १,२९०. कॉन्सन्ट्रेटर यात नाही, तो लागला तर वेगळा.

येणं किती? टपावरचे ४०० वॉट, उन्हाळ्यात चांगल्या उन्हाचे पाच तास, उष्णतेचं, धुळीचं आणि वायरचं नुकसान वजा जाता १,४०० वॉट-अवर. म्हणजे उन्हाळ्यात खर्चाला जेमतेम पुरतं, शिल्लक फार नाही. आणि ढगाळ पावसात याच्या पाव भागही आला तर नशीब. इथे बॅटरी दुप्पट मोठी घेतली असती तरी काय झालं असतं? पाणी न येणाऱ्या नळाखाली मोठा हंडा ठेवल्यासारखं. एक रात्र जास्त निघाली असती, दुसरी नाही.

म्हणून आधी तो डीसी-टू-डीसी चार्जर घेतला. ३० अँपिअरचा आहे, गाडी तासभर चालली की साधारण ४०० वॉट-अवर भरतो. घाटात रोज तीन तास तरी गाडी चालते, म्हणजे पावसाळ्यातही जवळजवळ दिवसाचा खर्च निघतो. अडकून पडले तर इंजिन चालू करून भरता येतं, डिझेल जळतं पण अंधार होत नाही. मग शंट मीटर बसवला. तो टक्के दाखवतो. आणि तिसरी गोष्ट डॉक्टरबाईंनी सुचवली. पलंगावरच्या दिव्याला त्याची स्वतःची छोटी बॅटरी दिली. मोठ्या बॅटरीशी त्याचं नातं फक्त भरून घेण्यापुरतं. मोठी गेली तरी तो दिवा सहा तास जळतो. एवढं साधं मला आधी सुचायला हवं होतं.

मीटरखाली आता एक पुठ्ठा आहे, सिस्टरच्या अक्षरात. ४० टक्क्यांना पंखे बंद. २५ टक्क्यांना फ्रिज आणि एक दिवा सोडून सगळं बंद, आणि इंजिन चालू. ड्रायव्हर रोज सकाळ-संध्याकाळ टक्के वहीत लिहितो. मीटरही कधी कधी चुकतो, म्हणून आठवड्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरून तो शंभरवर जुळवायचा असतो. तेही तोच करतो. त्या मुलाचं शिक्षण आश्रमशाळेत नववीपर्यंत झालं. गेल्या महिन्यात त्याने मला फोन केला, "काका, फ्रिज बंद आहे तरी चार अँपिअर जात आहेत." मी म्हटलं, इन्व्हर्टर चालू राहिला असेल. तो म्हणाला, "तो बंद केला, तरी जात आहेत." त्याने एकेक फ्यूज काढून शोधलं. उंदराने सोललेली एक वायर पत्र्याला टेकत होती. ती तशीच राहिली असती तर काय झालं असतं ते मी इथे सांगत नाही. लिथियम बॅटरीची दोन टोकं एकत्र आली तर क्षणात हजारो अँपिअर वाहू शकतात.

यावरून एक तक्रार करतो, प्रेमाची आहे, राग मानू नका. आपल्या मंडळीत बॅटरीसाठी आणि पॅनलसाठी पैसे लगेच जमले. पॅनलवर आईवडिलांच्या स्मरणार्थ पाटी लावता येते आणि ती मी आनंदाने लावली. पण बॅटरीजवळच्या मोठ्या फ्यूजसाठी आणि अंगठ्याएवढ्या जाड केबलसाठी मी दोनदा पत्र दिलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, वायरला एवढे पैसे? हजार वॉटचा इन्व्हर्टर बारा व्होल्टवर नव्वद अँपिअरच्या आसपास ओढतो. घरातली वायर तिथे वापरली तर ती शेगडी होते. फ्यूजवर पाटी लावायला जागा नाही, पण तो नसेल तर पाटीसकट सगळं जाईल. शेवटी महिला मंडळाने चटणी-पापड विकून त्याचे पैसे दिले. त्यांचं नाव गाडीवर कुठेही नाही, म्हणून इथे घेतो.

हवामानाबद्दल दोन शब्द, कारण आपल्यातले कुणी घरीही अशी बॅटरी बसवतील. लिथियमला गोठणाऱ्या थंडीत, म्हणजे शून्य अंशाखाली, भरायचं नसतं. आत लिथियम धातूचा थर जमतो आणि ती कायमची बिघडते. इथे मैदानात हा प्रश्न नाही, पण तोरणमाळकडच्या आणि वरच्या पाड्यांवर हिवाळ्यात एखाद्या पहाटे दव गोठतं. आपल्या बीएमएसमध्ये थंडीला भरणं थांबवायची सोय आहे, ती मी पाहून घेतली. उन्हाचा त्रास जास्त. बंद गाडीत मे महिन्यात फार तापतं आणि उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणून ती इंजिनापासून लांब, मागच्या फळीखाली आहे आणि पेटीला जाळी आहे. त्या जाळीवर कृपया कुणी सामान ठेवू नये. नाताळचे खाऊचे खोके मागच्या वर्षी तिथेच ठेवले होते.

सभेच्या आधी एका वडिलांनी विचारलं, ही बॅटरी किती वर्षं टिकेल आणि मग पुन्हा अर्पण मागणार का? प्रामाणिक उत्तर देतो. अशी बॅटरी दोन-तीन हजार वेळा भरून रिकामी करता येते आणि नंतरही ती एकदम मरत नाही, हळूहळू कमी धरू लागते. रोज एकदा धरलं तर सहा ते आठ वर्षं. आमच्याकडचं ऊन पाहता मी सहा धरतो. तेव्हा ती गाडीला पुरेनाशी होईल, पण एखाद्या पाड्यावरच्या अंगणवाडीला दिवे आणि पंखा चालवायला पुरेल. म्हणजे सहा वर्षांनी विनंती येणार, आजच सांगून ठेवतो.

आणि अगदी शेवटी तिचं काय करायचं, हाही प्रश्न आहे. शिशाच्या बॅटऱ्या भंगारवाल्याने किलोवर लगेच नेल्या, पैसेही दिले. लिथियमची बॅटरी त्याच्याकडे द्यायची नाही आणि पाड्यावर टाकून तर मुळीच यायचं नाही. २०२२ साली केंद्र सरकारने बॅटरीच्या कचऱ्याचे नियम केले आहेत, त्यात वापरून झालेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी ती बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर टाकली आहे. त्यासाठी बिल लागेल. बिलाची एक प्रत पाळक साहेबांच्या कपाटात आहे, एक गाडीत आणि एक माझ्या मुलीकडे, कारण तेव्हा मी असेन-नसेन. ड्रायव्हरची वही मागच्या बाकावर ठेवली आहे. ज्यांना टक्के वाचायचे आहेत त्यांनी चहाच्या वेळी बघावेत. ऑगस्टची पानं मी काढलेली नाहीत.